बाल्टिमोरची 'टॉनी' बोट : सगळे पर्ल हार्बरसाठी जातात, मला त्याआधीची पाच वर्षं आवडली

आईबाबा उन्हाळ्यात आलेत, तिसरी खेप आहे, नायगारा झाला न्यूयॉर्क झालं वॉशिंग्टन दोनदा झालं, आता शनिवारी यांना न्यायचं कुठे हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हे लिहितोय. आम्ही कोलंबियाला राहतो, मेरीलँडमधलं, तिथून बाल्टिमोरचं इनर हार्बर अर्ध्या तासावर. आणि आमच्या बाबांची अख्खी नोकरी माझगाव डॉकमध्ये गेलेली, फिटर म्हणून लागले आणि फोरमन म्हणून रिटायर झाले, त्यामुळे मॉल दाखवा नाहीतर म्युझियम दाखवा, चेहरा सारखाच. बोट दाखवली की माणूस बदलतो.

तर इनर हार्बरमध्ये चार जुन्या बोटी आणि एक दीपगृह असं मिळून म्युझियम आहे, हिस्टॉरिक शिप्स इन बाल्टिमोर नावाचं. शिडाची कॉन्स्टेलेशन आहे, टॉर्स्क पाणबुडी आहे, चेसापीक नावाची दिव्याची बोट म्हणजे तरंगतं दीपगृह आहे, आणि पाच नंबरच्या धक्क्याला कोस्ट गार्डची ही पांढरी कटर, नंबर 37. तिकिटाचं काय ते साइटवर बघून घ्या, दर बदलत असतात. मी फक्त या चौथ्या बोटीबद्दल लिहिणार आहे कारण आमचा दिवस तिथेच संपला.

आधी एक खुलासा. कटर म्हटल्यावर बाबांचा पहिला प्रश्न, "कटर म्हणजे? पत्रा कापायचं?" तर नाही, कोस्ट गार्डमध्ये मोठ्या गस्ती बोटीला कटरच म्हणतात, शिडाच्या जमान्यापासूनचा शब्द, चिकटला तो चिकटला. 65 फूट आणि वर, आत खलाशांची राहायची सोय, की झाली कटर. ही तर 327 फुटांची आहे, म्हणजे जवळजवळ शंभर मीटर, 41 फूट रुंद. पत्रा बराच कापला असेल हे मात्र खरं.

आता नाव. बोटीचं मूळ नाव रॉजर बी. टॅनी असं आपण वाचू, पण इथले लोक 'टॉनी' म्हणतात. हा माणूस मेरीलँडचाच, 1833-34 मध्ये अमेरिकेचा अर्थमंत्री होता. कोस्ट गार्ड तेव्हा अर्थखात्याखाली यायचं, कारण मुळात 1790 मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टनने जकात चुकवणाऱ्यांना पकडायला म्हणून ही बोटींची तुकडी उभी केली, त्यामुळे 1930 च्या दशकात या साइझच्या सात बोटी बांधल्या तेव्हा सातहीजणींना जुन्या अर्थमंत्र्यांची नावं दिली. कॅम्पबेल, इंगहॅम, डुएन, बिब, स्पेन्सर, हॅमिल्टन आणि ही. 1937 मध्ये नावं आखूड केली, नुसती आडनावं ठेवली. पण हाच टॉनी पुढे सरन्यायाधीश झाला आणि 1857 मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात त्याने निकाल दिला की काळ्या लोकांना या देशाचं नागरिक होताच येत नाही. म्हणून 2020 मध्ये म्युझियमने बोटीचं नाव वापरणं बंद केलं, आता नुसता नंबर सांगतात. मला ते पटलं. पण मी खाली टॉनीच लिहितोय, कारण 37 ने हे केलं 37 ने ते केलं असं लिहायला लागलो की रेशनकार्ड वाचल्यासारखं वाटतं.

बोटीत चढायच्या आधी आईने शिडी बघितली आणि जाहीर केलं की माझे गुडघे हे करणार नाहीत, तुम्ही जा. तिला शेजारच्या लाल दीपगृहापाशी बसवलं, सेव्हन फूट नॉल म्हणतात त्याला, लोखंडी खांबांवर उभं केलेलं बसकं गोल दीपगृह, हंड्यासारखं दिसतं. सोबत मेथीचे पराठे आणि फोन. तीन तासांनी येऊ असं तिला सांगितलं नव्हतं, अर्धा तास सांगितला होता. त्याबद्दल नंतर जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

बहुतेक लोक इथे येतात ते पर्ल हार्बरसाठी. 7 डिसेंबर 1941 ला जपानी विमानांवर गोळीबार केलेल्या लढाऊ बोटींपैकी आज पाण्यावर तरंगत असलेली ही एकटी, असं तिचं नाव आहे. बरोबरच आहे ते, फक्त एक बारीक गोष्ट, ती पर्ल हार्बरमध्ये नव्हतीच, दहाएक किलोमीटरवर हवाईतल्याच होनोलुलूच्या बंदरात सहा नंबरच्या धक्क्याला बांधलेली होती आणि तिथून तोफा चालवल्या. आमच्या पुढे एक कुटुंब होतं, ते काका मुलाला सांगत होते की याच बोटीने अमेलिया इअरहार्टची, म्हणजे विमानाने जगप्रदक्षिणा करताना बेपत्ता झालेल्या त्या वैमानिक बाईची, वाट बघितली. मी मध्ये बोलणार होतो, बाबांनी हात धरला. ती इटास्का होती हो, 250 फुटी, वेगळ्या वर्गातली कटर, जुलै 1937 मध्ये पॅसिफिकमधल्या हाउलंड बेटापाशी थांबलेली ती. पण गोंधळ का होतो ते कळतं, कारण याच हाउलंडला टॉनीच्याही फेऱ्या असायच्या, आणि मला या बोटीचं जे खरं कौतुक आहे ते या फेऱ्यांचंच.

थोडं मागे जातो. 1929 ची मंदी, लोकांना कामं नाहीत, सरकारने सार्वजनिक बांधकामाचा पैसा काढला आणि त्यातून या बोटींना पैसे मिळाले, एकेकीला साधारण 25 लाख डॉलर. नव्याने डिझाइन करत बसण्यापेक्षा नौदलाच्या ईरी वर्गाच्या गनबोटीचा सांगाडा आणि मशिनरी उचलली आणि वरचं आपल्या कामाप्रमाणे बदललं. बाबांना हे सांगितल्यावर ते इतके खूश झाले, म्हणाले "हेच शहाणपण, चाललेला हल, म्हणजे सांगाडा, असेल तर त्याला हात लावायचा नाही." टॉनीचं काम 1 मे 1935 ला फिलाडेल्फियाच्या नेव्ही यार्डात सुरू झालं आणि 3 जून 1936 ला ती पाण्यात गेली, एकटी नाही, कॅम्पबेल इंगहॅम डुएन आणि ही, चौघी बहिणी एकाच दिवशी. चार बोटी एका यार्डात एका दिवशी! बाबा म्हणाले की त्या दिवशी यार्डातल्या मुकादमाचं काय झालं असेल याचा विचार कर. मंत्री-बिंत्री, पाहुणे-बिहुणे सगळं सोड, मुकादम.

24 ऑक्टोबर 1936 ला ती सेवेत आली. 19 डिसेंबरला फिलाडेल्फिया सोडलं, नाताळ संपता संपता पनामा कालवा ओलांडला आणि 18 जानेवारी 1937 ला होनोलुलूला पोचली, तेच तिचं घर. म्हणजे डिसेंबरच्या थंडीत डेलावेअर नदीतून निघालेली पोरं महिन्याभरात नारळाच्या झाडांखाली. बोट पांढरीशुभ्र, आज जो तांबडा तिरका पट्टा दिसतो तो तेव्हा नव्हता, ती 1967 नंतरची फॅशन. हे मनात ठेवून बोट बघायची, कारण तुम्ही बघता ती 1986 ला निवृत्त झालेली बोट, पन्नास वर्षं वापरलेली, डागडुजी केलेली, तोफा बदललेली. 1936 ची बोट तिच्या आत कुठेतरी आहे. बाबांनी ती शोधायची एक सोपी पद्धत काढली, जिथे रंगाचा टवका उडालाय तिथे नख लावून थर मोजायचे. मी म्हटलं बाबा हात लावू नका, ते म्हणाले लावत नाहीये, बघतोय. एका दाराच्या कडेला करंगळीच्या नखाएवढी जाडी होती नुसत्या रंगाची, पांढरा, करडा, परत पांढरा, मध्येच एक पिस्त्यासारखा हिरवा. कोपरे सगळे गोल झालेत त्याने, साबणाच्या वडीसारखे.

बरं तर होनोलुलूत या बोटीला काम काय? अफूची चोरटी आयात पकडायची, मच्छीमार बोटींवर लक्ष ठेवायचं, कोणी बुडत असेल तर धावायचं, हे नेहमीचं. पण एक काम असं होतं जे ऐकून मला पहिल्यांदा खोटंच वाटलेलं. विषुववृत्ताजवळ हाउलंड, बेकर, जार्विस अशी तीन बेटं आहेत. बेटं म्हणजे काय, वाळू, प्रवाळ, गवत, पक्षी आणि उंदीर. गोडं पाणी नाही, बंदर नाही. एकोणिसाव्या शतकात पक्ष्यांची विष्ठा खत म्हणून खणून नेली आणि सोडून दिली. 1930 च्या दशकात अचानक सगळ्यांना त्यांची आठवण झाली कारण विमानं आली, आणि हवाईहून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे जायचं तर मध्ये टेकायला जागा पाहिजे. ब्रिटिशांचाही डोळा होता. मग अमेरिकेने काय करावं? ताबा दाखवायला तिथे माणसं ठेवली. सैन्य नाही, पोरं. 1935 पासून हवाईच्या कामेहामेहा शाळेतली मुलं आणि माजी विद्यार्थी, एका बेटावर चार-चार, रोजचे 3 डॉलर. काम एकच, राहायचं. हवामानाच्या नोंदी करायच्या, झेंडा लावायचा, मासे धरायचे आणि कटरची वाट बघायची.

आपल्याकडे जमिनीच्या केसमध्ये कबजा दाखवायला शेतात झोपडी टाकून पुतण्याला झोपायला पाठवतात ना, तेच. फक्त शेत होनोलुलूपासून तीन हजार किलोमीटरवर.

आणि ही झोपडी चालू ठेवायचं काम टॉनीसारख्या कटरचं. काही महिन्यांनी एक फेरी, पाच-सहा दिवसांचा प्रवास, सोबत पिंपांत भरलेलं पाणी, डबाबंद अन्न, पत्रं, नवी पोरं, आणि येताना जुनी पोरं. बेटाभोवती प्रवाळाची कडा, बोट जवळ जाऊ शकत नाही, त्यामुळे ती बाहेर घुटमळत राहणार आणि छोट्या होडीतून लाट चुकवत माल आत न्यायचा. पाण्याचं पिंप होडीत उतरवायचं, होडी वरखाली, कडेवर लाट फुटतेय, खाली धारदार प्रवाळ, चूक झाली तर होडी फुटणार आणि पाय पण.

हे मी बाबांना मागच्या डेकवर उभं राहून सांगत होतो आणि ते एकदम म्हणाले, "पडाव." मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने गावाला जायचे, हर्णैला बोट किनाऱ्याला लागायची नाही, लांब समुद्रातच थांबायची, आणि मग पडाव यायचे, बोटीच्या अंगाला लागून वरखाली हलायचे, आणि आजीला, ट्रंकेला, आंब्याच्या रिकाम्या करंड्यांना आणि यांना एकेक करून खाली पडावात द्यायचे. खालचा खलाशी हात वर करून उभा. लाट वर आली की तो ओरडायचा "सोड!" आणि सोडायचं. "आजीने एकदा सोडलंच नाही," बाबा म्हणाले, "लाट खाली गेली, ती लोंबकळली, वरून कप्तान शिव्या घालतोय, खालून तांडेल शिव्या घालतोय." मी ही गोष्ट चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली. बोटीच्या कठड्याला टेकून ते हे सांगत होते आणि दोन्ही हातांनी दाखवत होते की पडाव किती वर यायचा.

मार्च 1938 मध्ये तर टॉनीने नुसता माल नाही पोचवला, वसाहतच सुरू केली. 3 मार्चला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला की फिनिक्स बेटांपैकी कँटन आणि एंडरबरी ही आमची, आणि त्याच आठवड्यात टॉनीने तिथे माणसं उतरवली, 6 तारखेला एंडरबरी, 7 ला कँटन. कागदावरची शाई वाळायच्या आत. इंग्रज साहजिकच चिडले, पण भांडण न करता 1939 मध्ये दोघांनी मिळून पन्नास वर्षांसाठी ही दोन बेटं सामाईक वापरायचं ठरवलं, आणि कँटनवर पॅन ॲम या विमान कंपनीची उडती बोट, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान, उतरायला लागली. आज ती बेटं किरिबाती देशात आहेत. म्हणजे एवढा आटापिटा करून शेवटी दोघांचीही नाहीत.

एक गोष्ट वाचून मी त्या बोटीच्या जेवणाच्या खोलीत जरा वेळ बसूनच राहिलो. कार्ल कहालेवाई नावाचा हवाईचा मुलगा जार्विसवर होता. ऑक्टोबर 1938 मध्ये त्याच्या पोटात दुखायला लागलं, अपेंडिक्स. बेटावर डॉक्टर नाही, काहीच नाही. टॉनी त्याला घ्यायला गेली, घेतलं, आणि होनोलुलूच्या वाटेवर तो बोटीवरच गेला. बोटीचा वेग जास्तीत जास्त वीस नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी साधारण सदतीस किलोमीटर. आत्ता फोनवर तो आकडा एवढासा दिसतो, पण मध्ये दोन हजार किलोमीटर पाणी आणि बंकवर पोट धरून पडलेला पोरगा असेल तर तो आकडा काय असतो. बंक मी बघितले तिथले, पाइपच्या चौकटी, एकावर एक, मधल्या बंकवर झोपलेल्या माणसाला कुशीवर वळताना वरच्याचा भार खांद्याला लागेल इतकं अंतर. त्याला कुठे ठेवलं असेल माहीत नाही मला, पण मी प्रत्येक बंककडे तसंच बघत होतो.

बाबांना मात्र खाली जायची ओढ. दोन बॉयलर, दोन टर्बाइन, 6,200 हॉर्सपॉवर, पाण्याखाली दोन पंखे म्हणजे प्रोपेलर, आणि शेवटपर्यंत वाफेवरच चालली ही बोट, 1986 पर्यंत. तिथे एक वयस्कर स्वयंसेवक होते, बाबांचं इंग्लिश माझगाव डॉकचं आणि त्यांची उच्चाराची पद्धत इथली, दोघांना एकमेकांचं निम्मं कळत नव्हतं तरी वीस मिनिटं गिअरवर बोलले. मी मध्ये भाषांतर करायला गेलो तर बाबा म्हणाले तू गप, तुला रिडक्शन गिअर कळत नाही. खरं आहे. शेवटी दोघांनी हातांनीच बोलायला सुरुवात केली, एक मूठ जोरात फिरवायची आणि दुसरी हळू, म्हणजे टर्बाइन आणि पंखा.

या वर्गाच्या बोटी बांधताना एक विमान ठेवायची सोय पण केलेली, पाण्यावर उतरणारं, क्रेनने खाली सोडायचं आणि परत उचलायचं. आता त्याचं काही दिसत नाही, मागच्या डेकवर उभं राहून कल्पना करायची. आम्ही केली, बाबांच्या मते क्रेनवाल्याचं काम पायलटपेक्षा अवघड.

मग 1940-41 ला हवा बदलत गेली. विमानविरोधी तोफा वाढवल्या, माणसं वाढली, 1937 मध्ये सगळे मिळून सव्वाशेच्या आत होते ते 1941 मध्ये दोनशेच्या वर गेले, बोट तेवढीच! म्हणजे बंकमधलं ते अंतर आठवा परत. जुलै 1941 मध्ये तिला नौदलाच्या हाताखाली दिलं, पर्ल हार्बरच्या साडेचार महिने आधी. ती जकात-खात्याची बोट होती ती हळूहळू युद्धाची कशी झाली हे एका दिवसात घडलेलं नाही, हे मला इथे येऊन कळलं, नाहीतर सगळे सांगतात ते असं की शांत बंदर होतं आणि अचानक बॉम्ब पडले.

आता प्रॅक्टिकल. शिड्या उभ्या आहेत, उलटं तोंड करून उतरायचं, लहान मुलाला कडेवर घेऊन जमणार नाही. दारांना खाली उंबरा असतो गुडघ्याच्या खाली लागेल असा, आणि वरची चौकट कपाळाला, म्हणजे एकाच वेळी वर पण बघायचं आणि खाली पण. बाबा चाळीस वर्षं बोटीत वावरलेले, सराईतासारखे पाय उचलत गेले. मी दोनदा नडगी फोडून घेतली. चपला नको, बूट घाला. उन्हात लोखंड तापतं, सकाळी जा. पार्किंगचं मी बोलतच नाही, एका खाजगी पार्किंगवाल्याने आमच्याकडून जेवढे घेतले तेवढ्यात 1938 मध्ये बेटावरचा पोरगा पंधरा दिवस राहिला असता, ॲपवरून आधी बुक करा.

मुलं सोबत असतील तर त्यांना पाणबुडीच जास्त आवडेल, उगाच फसवत नाही. ज्यांना बटणं दाबायची असतात, स्क्रीन लागतात, त्यांना ही बोट कोरडी वाटेल. पण घरात कोणी यार्डात, गोदीत, मर्चंट नेव्हीत, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम केलेलं असेल तर डोळे झाकून न्या. आणि जायच्या आधी त्या पाच बेटांची नावं एकदा नकाशावर शोधा, झूम करत राहा, करत राहा, निळ्यात एक ठिपका येईल. मग बोटीवर उभे राहाल तेव्हा मजा वेगळी. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा नडगीचा.

निघताना बाबांनी विचारलं की मग त्या पोरांचं पुढे काय झालं, लढाई सुरू झाली तेव्हा. मी सांगितलं. 8 डिसेंबर 1941 ला जपानी विमानांनी हाउलंडवर बॉम्ब टाकले, दोन पोरं गेली, जोसेफ केलिइहानानुई आणि रिचर्ड व्हेली, उरलेल्या दोघांना घ्यायला नौदलाची बोट पोचेपर्यंत जानेवारी संपत आलेला. फेब्रुवारी 1942 मध्ये टॉनी गेली एंडरबरीला आणि जार्विसला, तिथल्या चार-चार जणांना उचललं, आणि शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून एंडरबरीवरच्या घरांवर तोफा डागल्या, जार्विसवरची जाळली. चार वर्षांपूर्वी एंडरबरीला माणसं हिनेच उतरवलेली.

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाणी कोणी भरून नेलं असेल रे त्या पिंपांत, होनोलुलूला? त्याचं नाव कुठे असेल का?" मी म्हटलं नसेल. तेवढ्यात आईचा सातवा मिस्ड कॉल आला.